केअर आणि केड: थेरपिस्टला फोन करण्याआधी

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या ओळखीच्या एका काकूंसाठी मी मागच्या वर्षी थेरपिस्ट शोधत होते. काका गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. सहा ठिकाणी फोन करून ‘मेडिकेड घेता का?’ असं विचारलं, आणि सहाही ठिकाणी नाही म्हणाले. सातव्या ठिकाणच्या बाईंनी उलट मलाच विचारलं, कार्ड दिसतं कसं? लाल, पांढरं आणि निळं. म्हणजे ते मेडिकेअर होतं, सरकारचा दुसराच आरोग्यविमा. चूक पूर्णपणे माझी. अख्खी दुपार मी चुकीच्या विम्याचं नाव घेत होते.

दोन्ही नावं जुळ्यांची वाटतात, कारण जन्म एकाच दिवशीचा. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एकाच कायद्यावर सही केली आणि दोन्ही योजना आल्या. घरं मात्र पहिल्यापासून वेगळी. मेडिकेअर केंद्र सरकारचं. ते मुख्यतः वयावर मिळतं, ६५ पूर्ण झाली की. त्याआधी मिळायचं तर गंभीर अपंगत्व किंवा मूत्रपिंड निकामी होण्यासारखं कारण लागतं. मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात, पण चालवतं राज्य, आणि तिथे वयापेक्षा मिळकत बघतात. म्हणून मेडिकेअर देशभर मेडिकेअरच राहतं, तर मेडिकेड राज्याची वेस ओलांडली की नाव बदलतं: कॅलिफोर्नियात मेडि-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, आमच्या न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर. यातल्या शेवटच्या नावात ‘केअर’ आहे आणि ते मेडिकेड आहे. हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायचं आहे मला.

आता ज्यांना शोधायचं त्या माणसांबद्दल. ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ म्हटल्यावर काकू म्हणाल्या, “समाजसेवक कशाला गं? वर्गणी मागायला येणार का?” फ्लेक्सवरच्या फोटोंनी आपल्याकडे त्या शब्दाची पार वाट लावली आहे. इथे हा परवानाधारक मानसोपचाराचा व्यवसाय आहे. मेडिकेअरच्या लेखी सोशल वर्कमधली मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यानंतर किमान दोन वर्षं देखरेखीखाली केलेलं क्लिनिकल काम आणि राज्याचा परवाना लागतो. ते औषध लिहून देत नाहीत, निदान आणि बोलून उपचार करतात. परवान्याची अक्षरं राज्यागणिक वेगळी. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सासात एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर), मॅसॅच्युसेट्समध्ये एलआयसीएसडब्ल्यू. न्यू जर्सीत नुसतं एलएसडब्ल्यू दिसलं तर तो अलीकडचा टप्पा आहे. त्या परवान्यावर मेडिकेअरला स्वतःच्या नावाने बिल लावता येत नाही.

दोन्ही विम्यांत ‘घेतो’ या शब्दाचा अर्थच निराळा आहे, आणि खरी गोम तिथे आहे.

मूळ मेडिकेअरमध्ये नेटवर्कची, म्हणजे ठरावीक डॉक्टर-थेरपिस्टांच्या यादीची, भानगड नाही. थेरपिस्ट मेडिकेअरमध्ये नोंदलेला असला की देशात कुठेही चालतो. क्लिनिकल सोशल वर्करने बिल लावलं तर मेडिकेअरने ठरवलेला दर त्याला पूर्ण मान्य करावाच लागतो, वरचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. वर्षाची ठरावीक रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर) स्वतः भरून झाली की पुढे ८० टक्के मेडिकेअर देतं आणि २० टक्के आपण. मंजूर दर १०० डॉलर असेल तर आपले २०. जवळ मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरच्या जोडीचा खासगी पूरक विमा, असेल तर बहुतेक वेळा हेही वीस तिकडून जातात. पूर्वी मानसिक उपचारांत निम्मा भार रुग्णावर असायचा. तो टप्प्याटप्प्याने कमी होत २०१४ मध्ये इतर उपचारांसारखा २० टक्क्यांवर आला.

मग नकार का येतात? कारण याच कामासाठी मानसशास्त्रज्ञाला जे मिळतं त्याच्या ७५ टक्केच मेडिकेअर क्लिनिकल सोशल वर्करला देतं. दर वाढवून घेता येत नाही, म्हणून काही जण नोंदच करत नाहीत आणि काही रीतसर बाहेर पडतात, ज्याला इथे ‘ऑप्ट आउट’ म्हणतात. बाहेर पडलेल्या थेरपिस्टकडे गेलात तर तो आधी एका करारावर सही घेतो, आणि त्यानंतरचा पैसा सगळा आपला. पावती पाठवून मेडिकेअरकडून काही परत मिळत नाही. तेव्हा फोनवर ‘मेडिकेअर घेता का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘मेडिकेअरला बिल लावता की ऑप्ट आउट आहात?’ असं विचारा. मेडिकेअरच्या सरकारी संकेतस्थळावरच्या शोधात नोंदलेली नावं मिळतात. १ जानेवारी २०२४ पासून विवाह-कुटुंब थेरपिस्ट आणि मेंटल हेल्थ काउन्सेलर यांनाही मेडिकेअरमध्ये येता येतं, म्हणून सोशल वर्कर मिळत नसेल तर त्यांच्यातही शोधा.

एक खड्डा राहिलाच. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज घेतलं असेल तर वरचं सगळं मोकळेपण संपलं. ती खासगी कंपनीची योजना. तिथे नेटवर्क असतं, आणि लाल-पांढऱ्या-निळ्या कार्डाऐवजी कंपनीचं कार्ड दाखवायचं असतं.

मेडिकेडचं उलटं. रुग्णाच्या खिशाला जवळजवळ काही लागत नाही, पण दार अरुंद आहे. बहुतेक लोकांचं मेडिकेड खासगी मॅनेज्ड केअर योजनांमार्फत चालतं, आणि थेरपिस्ट ‘मेडिकेड’ घेत नाही, त्यातली अमुक एक योजना घेतो. न्यू जर्सीत बहुतेकांचे बाह्यरुग्ण मानसिक उपचार १ जानेवारी २०२५ पासून या योजनांकडे गेले. त्यामुळे जुनी माहिती सांगणारा मित्र खरं बोलत असला तरी आता त्याचा उपयोग नाही. फोनवर कार्डावरचं योजनेचं नाव अक्षरशः वाचून दाखवा आणि लगेच विचारा, नवीन रुग्ण घेताय का? योजनांच्या यादीत अशी नावं सापडतात जी प्रत्यक्षात नवीन कोणाला घेतच नाहीत. इथे त्याला भुताचं नेटवर्क म्हणतात. दहा फोन झाले की नाव किती चपखल आहे ते कळतं. कंटाळा आला तर योजनेच्या सदस्य सेवेलाच फोन करून नवीन रुग्ण घेणाऱ्यांची नावं मागा, किंवा सरळ जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर गाठा. अशा अनेक केंद्रांत क्लिनिकल सोशल वर्कर असतात, दोन्ही विमे चालतात, आणि विमा नसेल तर मिळकतीप्रमाणे फी कमी होते.

भारतातून आई-वडिलांना आणलेल्यांची गल्लत आणखी आधी होते, पात्रतेतच. व्हिजिटर व्हिसावर दोन्हीपैकी काही नाही. ग्रीन कार्ड असेल तर मेडिकेडला साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. मुलं आणि गरोदर स्त्रियांना बरीच राज्यं त्यातून सूट देतात. वय ६५ च्या वर असेल तर बऱ्याच राज्यांत मिळकतीबरोबर शिल्लक आणि मालमत्ताही विचारतात, आणि पुण्यातला फ्लॅट ही मालमत्ताच. मेडिकेअरसाठी इथे दहा वर्षं काम केलं असेल, स्वतः किंवा जोडीदाराने, तर हॉस्पिटलचा भाग फुकट. ते नसेल तर ६५ नंतर, ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहून झाल्यावर, हप्ता भरून घेता येतं. थेरपिस्टचं बिल ज्यातून जातं त्या ‘पार्ट बी’चा नेहमीचा हप्ता २०२५ मध्ये महिना १८५ डॉलर होता.

काहींकडे दोन्ही कार्डं असतात. तिथे मेडिकेअर आधी भरतं, मेडिकेड मागून. क्यूएमबी नावाची, कमी मिळकतीच्या मेडिकेअरवाल्यांसाठीची सवलत मिळालेली असेल तर ते २० टक्केही थेरपिस्टला मागता येत नाहीत. मागितले तर भांडा.

मराठी बोलणाऱ्या थेरपिस्टचा शोध हे वेगळंच प्रकरण. काकूंच्या भाचीने कॅलिफोर्नियातलं एक नाव सुचवलं होतं. बाई मराठी, नोंदणी मेडिकेअरची, सगळं जुळत होतं. पण व्हिडिओवर बोलायचं तरी परवाना रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तिथला लागतो, आणि बाईंकडे न्यू जर्सीचा नव्हता. शेवटी पर्थ अँबॉयकडच्या एका एलसीएसडब्ल्यूकडे काकू जायला लागल्या. ती गुजराती. हिंदीत बोलतात दोघी, आणि काकांचा विषय निघाला की काकू आपोआप मराठीवर येतात. ती थांबवत नाही म्हणे.