आंतरराष्ट्रीय कृषी व अन्नसाहाय्य (मुंबई)

विकसनशील देशांना अन्नटंचाईतून सावरण्यासाठी, आणि त्यांची शेती जमीन-पाणी न संपवता टिकून राहावी यासाठी, परदेशी सरकारे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था व जागतिक बँकेसारख्या वित्तसंस्था जी मदत देतात तिला ही संज्ञा वापरतात. धान्य, बियाणे, अनुदान, कर्ज, तांत्रिक सल्ला असे तिचे अनेक प्रकार आहेत. महाराष्ट्रात ही मदत बहुतेकदा मुंबईवरून आली. आधी ती गोदीत उतरली, पुढे वांद्रे आणि कफ परेडच्या कार्यालयांतून वाटली गेली.

मशीद बंदराजवळच्या दाणाबंदर या नावातच या शहराचे धान्याशी असलेले नाते दिसते. अमेरिकेने १९५४ मध्ये केलेल्या 'पी. एल. ४८०' या धान्यसाहाय्याच्या कायद्याखाली भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला आणि अमेरिकी गहू येऊ लागला. लागोपाठच्या अवर्षणांमुळे १९६६ मध्ये देशाची धान्यआयात सुमारे १ कोटी टनांवर गेली. या गव्हाची किंमत रुपयांत चुकवायची सोय होती. त्या साठलेल्या रकमेपैकी सुमारे १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश अमेरिकेने १९७४ मध्ये भारताला परत दिला. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, याच गव्हाबरोबर आले अशी समजूत महाराष्ट्रात घट्ट आहे. मात्र पुण्यात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास, म्हणजे कराराच्या आगेमागेच झाली होती. त्यामुळे सगळा दोष त्या गव्हाच्या माथी मारणे अवघड आहे.

बाहत्तरच्या दुष्काळाची आठवण मराठी घरांत आजही निघते ती 'मिलो' आणि 'सुकडी' या दोन शब्दांनी. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. ज्वारी हेच ज्यांचे रोजचे अन्न, त्यांना रेशनवर परदेशी ज्वारी घ्यावी लागली. तिच्या भाकरीला नावे ठेवली गेली, पण त्या भाकरीने माणसे जगली, हे विसरता कामा नये. सुकडी, म्हणजे कोरडे पौष्टिक खाद्य, दुष्काळी कामांवरच्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना मिळे. त्याच काळात राज्याने विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी केली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर लावला. मुंबईकर नोकरदाराच्या पगारपत्रकात आजही दिसणाऱ्या या कपातीचे मूळ दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांशी जोडलेले आहे. बाहेरची मदत पुरेशी नाही हे ओळखून आपल्याच शहराने आपल्याच खेड्यांसाठी केलेली ही तजवीज होती, म्हणून या नोंदीत तिला जागा द्यायलाच हवी.

धान्याऐवजी बियाणे देण्याचा मार्गही मुंबईवरूनच गेला. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकन गव्हाचे बियाणे १९६५ मध्ये मुंबई आणि कराचीसाठी एकाच जहाजाने निघाले, आणि ते वाटेत असतानाच भारत-पाकिस्तानात युद्ध पेटले. पुढच्या वर्षी भारताने असे १८,००० टन बियाणे आणले. या हरितक्रांतीचा लाभ मुख्यतः पंजाब-हरियाणाच्या ओलिताच्या जमिनींना झाला. महाराष्ट्राची बहुतांश शेती कोरडवाहू. तिला बियाण्याआधी पाणी हवे होते.

ही गरज ओळखणारे साहाय्य उशिरा आले. १२ जुलै १९८२ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचे, म्हणजे नाबार्डचे, मुख्यालय मुंबईत वांद्रे येथे आहे. जर्मन सरकारच्या अनुदानातून तिने १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबवला. स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांचा त्यामागे मोठा वाटा होता. पैसा हाती पडण्याआधी गावाला श्रमदान करून दाखवावे लागे आणि चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी लागे. काम माथा ते पायथा चाले: आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, सर्वांत शेवटी ओढ्यावरचे बंधारे. वरून वाहून येणारी माती अडवल्याशिवाय खालचा बंधारा गाळानेच भरतो, म्हणून हा क्रम. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या कामाचे गाजलेले उदाहरण. तिथे विहिरींची पातळी वाढली, पिके बदलली. पण चराईबंदीचा भार शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यांवर अधिक पडला आणि विहिरीच्या पाण्याचा लाभ ज्याला जमीन त्याला अधिक झाला. पाणलोटाच्या यशकथा सांगताना ही बाजू गाळणे अन्यायाचे आहे.

पुढे हवामानबदलासाठीचा जागतिक निधीही नाबार्डकडे येऊ लागला. २०१५ मध्ये हरित हवामान निधीने तिला मान्यता दिली. महिला आर्थिक विकास महामंडळाचे मुख्यालयही वांद्र्यातच. त्याने आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने 'तेजस्विनी' कार्यक्रमातून बचत गट बांधले.

अलीकडच्या टप्प्यातला एक मोठा प्रकल्प म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पोकरा'. त्यासाठी जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मराठवाड्याचे ८, विदर्भाचे ६ आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांतील ५,००० हून अधिक गावे त्यात आली. पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टाही, म्हणजे जिथले भूजल खारट आहे तो भाग, त्यात आला. शेतशाळा, ठिबक, शेततळी यांबरोबर गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडणे हा त्याचा गाभा. पडलेला पाऊस, मुरलेले पाणी आणि पिकांनी घेतलेले पाणी यांचा हिशेब गावाने समोर ठेवायचा. त्याची गणनपद्धती पवईच्या आयआयटी मुंबईने तयार केली. हा हिशेब फार मोलाचा आहे, कारण त्याविना दिलेले अनुदान उलटही फिरते. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी पावसाऐवजी विहिरीतून उपसलेल्या पाण्याने भरली, की शेजाऱ्याची विहीर आधी आटते. शिवाय हा पैसा दान नव्हे, कर्ज आहे. तो फेडायचा आहे.

भारत आता देणाऱ्यांच्या रांगेतही उभा आहे. भारतीय निर्यात-आयात बँक केंद्र सरकारच्या वतीने आफ्रिकी व आशियाई देशांना सवलतीची कर्जे देते. अशाच एका कर्जातून सेनेगलच्या भातशेतीसाठी सिंचनपंप गेले, तेही किर्लोस्करांचे. या बँकेचे मुख्यालय कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर संकुलात आहे. मराठवाडा-विदर्भ आणि जळगावसाठी घेतलेल्या कर्जाचा विनियोग करणारे 'पोकरा'चे कार्यालयही त्याच संकुलात थाटले गेले.