‘केलेलं 90 टक्के लक्षात राहतं’: हे आकडे आले कुठून?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत प्रशिक्षणाआधी ग्रुपवर एक तक्ता हमखास फिरतो : वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30, स्वतः केलेलं 90.

सगळे आकडे नेमके दहाच्या पटीत कसे? कोणाचं मोजलं, किती दिवसांनी? तक्त्यात उत्तर नसतं. तो ज्या शंकूच्या आकृतीवर बेतलाय, ती एडगर डेल यांच्या 1946 सालच्या अमेरिकी पुस्तकातली. पुस्तक उघडून पाहा, आकृतीत टक्के नाहीतच. ते मागाहून चिकटवले गेले.

म्हणून करून शिकण्याचं मोल कमी होत नाही. 1940च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींत कृतीतून शिकण्याची पद्धत रुजली, तिच्यात नुसतं ‘करणं’ कधीच नव्हतं. मोजकी माणसं, खरीखुरी अडचण, सल्ल्याआधी प्रश्न, मग कृती, आणि पुन्हा एकत्र बसून ‘काय घडलं?’ प्रश्नच नसतील तर माणूस तीच चूक वर्षभर सराईतपणे करतो. आणि मशीनचं मॅन्युअल न वाचता प्रश्न तरी काय विचारणार?

वारंवार होणारा एक बिघाड घ्या. एका पाळीला फक्त दुरुस्ती करू द्या, दुसरीला दुरुस्तीनंतर अर्धा तास प्रश्नांसाठी द्या. महिन्याने दोन्ही पाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा.