ताणाच्या अभ्यासातून मादी कशी वगळली गेली

ताणाचं शास्त्र सुरू झालं ते अंडाशयापासून. १९३० च्या दशकात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेलिए उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होता. स्त्रियांचं एखादं नवं संप्रेरक हाती लागेल, ही त्याची आशा. ते काही सापडलं नाही. उंदरांच्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी मात्र फुगल्या, रोगप्रतिकाराशी जोडलेली थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. पुढे गारठा, विषारी द्रव्यं, अतिश्रम यांनीही नेमकं तेच घडलं. १९३६ साली 'नेचर'मध्ये त्याचं छोटंसं टिपण आलं आणि ताणाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया पडला.

त्यानंतर मादी हळूहळू बाजूला पडली. तिचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र मोजमापात घोळ घालेल, म्हणून नरच बरे, असा रिवाज पडला. माणसांच्या अभ्यासातही तेच. १९९५ पूर्वी प्रयोगशाळेत ज्यांची ताणाला होणारी शारीरिक प्रतिक्रिया तपासली गेली, त्यांत स्त्रिया साधारण १७ टक्केच होत्या. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनननं सांगितलेली 'लढा किंवा पळा' ही प्रतिक्रिया सगळ्यांचीच म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली. याचा मला खरोखर राग येतो, कारण ताणाशी जोडलेलं नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की ताणाचं संप्रेरक थेट हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात जाऊन बसतं. त्यांच्याच गटानं पुढे नर उंदरांना २१ दिवस रोज काही तास जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या. १९९७ मध्ये माद्यांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा त्या फांद्यांची तशी झीज दिसली नाही. मग मेंदूच्या अभ्यासक ट्रेसी शोर्स यांच्या प्रयोगांनी तर चित्र उलटंच केलं: एकाच तीव्र ताणानंतर नरांमध्ये पेशींवरचे जोडणीचे काटे वाढले, ऋतुचक्राच्या विशिष्ट टप्प्यातल्या माद्यांमध्ये कमी झाले. शिकण्याचंही तसंच, नर अधिक पटकन शिकले, माद्या मागे पडल्या. अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये मात्र हा परिणाम दिसला नाही.

२००० साली मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की संकटात मादी पिल्लांना सांभाळते, सोबत शोधते. कल्पना लोकप्रिय झाली, जरा जास्तच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ताणाखालचे पुरुषही अधिक विश्वासानं, वाटून घेऊन वागले. त्यामुळे 'बायकांचा मेंदू' आणि 'पुरुषांचा मेंदू' असे दोन डबे करणं मला पटत नाही.

फिलाडेल्फियातलं २०१० चं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. मेंदूला सावध करणाऱ्या पेशींवर ताणाचा संदेश टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ताणानंतर नर उंदरात ते पेशीच्या आत ओढले जातात, संदेश मंदावतो. मादीत ते पृष्ठभागावरच राहतात.

आणि ऋतुचक्राचं ते कारण? २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांची छाननी झाली. चक्राकडे लक्ष न देता मोजलेल्या मादी उंदरांची मोजमापं नरांपेक्षा जास्त विखुरलेली नव्हती.