शहराजवळचा कॅम्प: जागा ठरवण्याआधी हे वाचा

आमच्याकडून तंबू आणि साहित्य भाड्याने नेणाऱ्या, किंवा मुक्कामाची आखणी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

चौकशीसाठी फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "किती किलोमीटर आहे?" त्यावर आम्ही विचारतो, "निघणार किती वाजता?" मोठ्या शहरातून बाहेर पडताना किलोमीटरवरून फारसं काही कळत नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी निम्मा वेळ शहराची हद्द ओलांडण्यातच जातो, आणि तेच अंतर सुट्टीच्या दिवशी पहाटे निघालात तर निम्म्या वेळात कापता येतं. नकाशाच्या बऱ्याच ॲपमध्ये निघण्याचा वार आणि वेळ टाकता येते. ती टाकून मगच प्रवासाचा अंदाज घ्या. दुपारी घरात बसून पाहिलेला आकडा संध्याकाळी खरा ठरत नाही.

आमचा नियम सोपा आहे: सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचता येईल अशीच जागा घ्या. तंबू उभारायला सवय नसलेल्या माणसालाही तासाभराहून जास्त वेळ लागत नाही, पण त्याआधी जमीन नीट पाहायची असते आणि ते काम टॉर्चच्या उजेडात होत नाही. दोन तास मिळत नसतील तर जवळची जागा घ्या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. एका रात्रीच्या मुक्कामासाठी फार लांब जाऊ नये असं आम्ही आग्रहाने सांगतो. जाण्यायेण्याचा वेळ हा तिथे जागेपणी घालवायच्या वेळेपेक्षा जास्त होत असेल, तर ती जागा दोन रात्रींसाठी राखून ठेवा. रेल्वे किंवा बसने जाणार असाल तर शेवटच्या थांब्यापासून पुढे काय, हे आधी ठरवा. पाठीवर ओझं असताना सपाटीवर तासाला चार किलोमीटरच धरा, चढ असेल तर त्याहून कमी.

जागा पाहताना

फोटोत सगळ्यात सुंदर दिसते ती पाण्याला लागून असलेली जागा. आम्ही मात्र ती टाळायला सांगतो. कोरडा ओढा किंवा नदीचं पात्र ही तर मुक्कामाची जागाच नव्हे. पाऊस वर डोंगरात कुठेतरी पडतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असतं, आणि तरी पाणी येतं. शिवाय रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे पाण्याकाठचा तंबू वरच्या तंबूपेक्षा जास्त गारठतो, दवानेही जास्त भिजतो. पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर आणि तळापासून थोडं वर असलेलं सपाट ठिकाण शोधा. भांडी घासणं, अंघोळ, शौच हे सगळं तेवढंच अंतर राखून करा. शौचालय नसेल तर पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा करून नंतर मातीने बुजवा.

सपाट दिसणारी जमीन खरोखर सपाट आहे का, हे तंबू उभारण्याआधी तिच्यावर आडवं पडून पाहा. हलका उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला. खोलगट जागा नको, तिथे पावसाचं पाणी तळं करून बसतं. मान वर करून झाडंही पाहा: वाळलेली, अर्धवट तुटून लटकलेली फांदी दिसली तर त्या झाडाखाली तंबू नकोच, वारा असो वा नसो. तंबूचं दार वाऱ्याच्या दिशेला करू नका. आणि आकाश कितीही निरभ्र असलं तरी ताणदोर बांधून मेखा पूर्ण ठोका, मध्यरात्री वारा उठला की ते काम फार अवघड जातं.

परवानगीचा प्रश्न आधी सोडवा. शहराभोवतीची मोकळी दिसणारी जमीन कुणाची तरी असतेच: वनखात्याची, पाणीपुरवठ्याची किंवा खाजगी मालकाची. "तिथे सगळेच राहतात" ही परवानगी नव्हे. सोयी असलेली कॅम्पसाइट घेत असाल तर चालकाला चार गोष्टी विचारा: दोन तंबूंमध्ये किती अंतर असतं, शौचालयं किती माणसांमागे किती, रात्री किती वाजता आवाज बंद होतो, आणि जनरेटर कुठे आहे. शहराजवळच्या जागा सुट्ट्यांना गच्च भरतात. शांतता हवी म्हणून निघालेल्या कुटुंबाला लाउडस्पीकरशेजारी झोपावं लागू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी रजा मिळत असेल तर तीच घ्या, जागा तीच असूनही अनुभव वेगळा असतो.

ताऱ्यांसाठी जाणाऱ्यांनी पंचांग पाहूनच तारीख ठरवावी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर राहतो, म्हणून अमावास्येच्या आसपासच्या रात्री बऱ्या. आकाश किती काळोखी आहे हे मोजायला १ ते ९ अशी बॉर्टल श्रेणी वापरतात, ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या शहराच्या मध्यावर ९ असते. तासा-दोन तासांच्या अंतरावर १ मिळेल अशी आशा धरू नका. टेकडीआड गेलात तर दिवे झाकले जातात, शहरावरची उजळी मात्र क्षितिजावर उरते. म्हणून शहराच्या उलट दिशेला मोकळं आकाश असलेली जागा निवडा.

थंडीचा अंदाज

इथे ग्राहकांची सर्वाधिक फसगत होते. काँक्रीट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्री सोडतात, म्हणून शहरातली रात्र आसपासच्या मोकळ्या भागापेक्षा काही अंश उबदार असते. त्यात दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. तेव्हा हवामानाचा अंदाज शहराचा न पाहता मुक्कामाच्या ठिकाणाचा पाहा, आणि त्यातला रात्रीचा किमान आकडा आम्हाला कळवा. स्लीपिंग बॅग आम्ही त्यावरून देतो. बॅगेवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' अशी दोन तापमानं छापलेली असतात. निवड 'कम्फर्ट'वरून करा. 'लिमिट' म्हणजे अंग मुडपून कशीबशी झोप लागेल एवढंच. खालची मॅट मात्र कधीही वगळू नका: अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा उरत नाही, आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते.

थंडी वाजते म्हणून स्टोव्ह, कोळशाची शेगडी किंवा विझत आलेले निखारे तंबूत घेऊ नका. फट ठेवलेली असली तरीही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. आमच्या सगळ्या सूचनांपैकी ही एक तरी घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही.

पाणी पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं. ओढ्याचं पाणी असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा.

तंबूवर छापलेला माणसांचा आकडा एकमेकांना चिकटून झोपलेल्या माणसांचा असतो, त्यात सामान धरलेलं नसतं. दोघांनी तिघांचा तंबू न्यावा. नेण्याआधी तो आमच्या अंगणात एकदा स्वतः उभारून पाहा, आम्ही शेजारी उभे राहू.

परतताना तंबू दवाने ओला असेल तर तसाच गुंडाळून आणलात तरी चालेल, पण आणून देताना "ओला आहे" एवढं सांगा. बंद पिशवीत एक-दोन दिवसांतच कापडावर बुरशी धरते, त्यामुळे आम्हाला तो त्याच दिवशी वाळत घालता आला पाहिजे.