रस्ते अपघातांची आर्थिक किंमत (बेळगाव सीमाभाग)

रस्ते अपघातांतील हानीचे पैशातले मोजमाप, आणि ती टाळण्यासाठी लोक पदरचे किती द्यायला तयार आहेत याचा अंदाज, हा वाहतूक अर्थशास्त्राचा विषय. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. सीमाभागात कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, त्यावरचा तवंदी घाट आणि गोव्याकडचा चोर्ला घाट ही धोक्याची ठिकाणे.

मोजमापाची एक पद्धत बुडालेल्या कमाईवर चालते. नुकसानभरपाईचे दावे याच हिशेबाने निकाली निघतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) निकालांनी त्याचे गणित घालून दिले. समजा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाऊंड्रीत महिना १५,००० रुपयांवर कामाला असलेला ३२ वर्षांचा कामगार गेला. मागे बायको, मूल, आई. वर्षाच्या १,८०,००० रुपयांत भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा करायचा, उरलेल्या १,६८,००० ला वयानुसार १६ ने गुणायचे: २६,८८,००० रुपये. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी हाच गुणक ५ वर येतो. घर सांभाळणाऱ्या म्हातारीचे मोल यात फारच थोडे भरते, आणि पद्धतीची खरी खोट तीच आहे.

दुसरी पद्धत जिवंत माणसांना विचारते. दहा हजारांत एक मृत्यू टळावा म्हणून दहा हजार जणांनी प्रत्येकी १,००० रुपये देऊ केले, तर त्या एका जिवाची किंमत १ कोटी धरतात. उत्तर मात्र ऐपतीवर ठरते. शिवाय ‘रोड टॅक्स भरतो, कोगनोळीला टोल भरतो, आणखी कशाला?’ म्हणून शून्य सांगणाऱ्याला जिवाची पर्वा नाही, असा अर्थ काढता येत नाही.

अपघात टाळण्यासाठी सरकारची तयारी किती, तेही तपासावे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने विनाहेल्मेट दंड १,००० रुपये झाला. कर्नाटकाने त्याच सप्टेंबरात तो ५०० वर आणला.

अपघात टाळण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उसाच्या गळीत हंगामात उघड्यावर येतो. रात्री डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन रस्त्यातच थांबतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. चाकांना दगड लावतात, मागे झाडाची फांदी टाकतात. ट्रॅक्टर हलला की दगड तिथेच राहतात आणि पुढच्या दुचाकीस्वाराला नडतात. रिफ्लेक्टर पट्टीचा खर्च एका खेपेच्या डिझेलपुढे किरकोळ आहे, पण तो ट्रॅक्टरमालकाने करायचा, तोडणी-वाहतूक ठेकेदाराने की कारखान्याने, यावर घोडे अडते. जखमीच्या इलाजासाठी मात्र त्याच गावात वर्गणी निघते.

उपचारांसाठी कर्नाटकाची २०१६ ची हरीश सांत्वन योजना पहिल्या ४८ तासांत २५,००० रुपयांपर्यंत खर्च उचलण्यासाठी आली. राज्यात अपघात झालेल्या परराज्यातल्या माणसालाही ती लागू होती. नुकसानभरपाईच्या दाव्याची कागदपत्रे कन्नडमध्ये असल्याने मराठी कुटुंबांना भाषांतर, वकील, हेलपाटे हा खर्च वेगळा पडतो. दावा अपघातस्थळीच लावावा अशी सक्ती नाही. निपाणीजवळ गेलेल्या कोल्हापूरकराचे वारस कोल्हापुरातही अर्ज करू शकतात.