संगणक बुद्धिबळ स्पर्धा आणि हार्डवेअरचा वेग

संगणक बुद्धिबळ स्पर्धेत पटावर दोन इंजिने, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्राम भिडतात. पण गुणतक्त्यात उतरते ती प्रोग्राम आणि यंत्र या जोडीची ताकद. इंजिन सेकंदाला किती स्थिती तपासते यावरून वेग मोजतात. यंत्र दुप्पट वेगवान असणे आणि विचाराला दुप्पट वेळ मिळणे हे इंजिनाच्या लेखी जवळपास एकच. त्यामुळे वेगाचा फायदा झटपट डावांत ठळक दिसतो आणि लांब डावांत विरत जातो. आधीच बरेच खोल पाहून झालेले असते, आणि त्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीतच सुटतात. वेग दुप्पट झाला की ५० ते ७० एलो गुण (खेळाची ताकद मोजणारे गुण) वाढतात, हा जुना ठोकताळा. ७० एलोंची आघाडी म्हणजे शंभर डावांत साठ गुण. आजच्या इंजिनांना लांब डावांत हा ठोकताळा लावू नये.

नुसत्या वेगाने भागत नाही. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला ३½–२½ असे हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू ४८० खास चिपांच्या बळावर सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. त्याच प्रकल्पाचे आधीचे रूप मात्र १९९५ मध्ये हाँगकाँगच्या जागतिक स्पर्धेत साध्या पेंटियम प्रोसेसरवरच्या फ्रिट्झ या प्रोग्रामकडून हरले होते. २०२० मध्ये स्टॉकफिश या इंजिनात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकून स्थिती जोखणारी रचना, आले तेव्हा तपासल्या जाणाऱ्या स्थिती घटल्या, ताकद वाढली. तेव्हा दोन वेगळ्या इंजिनांचे वेगाचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. लीलासारखे इंजिन ग्राफिक्स कार्डावर चालते. त्याला प्रोसेसरवरच्या इंजिनासमोर बसवताना ‘समान हार्डवेअर’ कशाला म्हणायचे, हा वाद मिटलेला नाही. २००९ च्या पाम्प्लोना स्पर्धेत आठ कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांची) मर्यादा घातली गेली. टीसीईसी या इंजिनांच्या ऑनलाइन स्पर्धेत यंत्र आयोजकांचेच असते.

सांगलीत पटावरच्या खेळाला नूतन बुद्धिबळ मंडळाची जुनी परंपरा आहे. इंजिनांची स्पर्धा घ्यायची तर घरचे किंवा कॉलेजच्या लॅबमधले यंत्र पुरते. दोन्ही इंजिने एकाच यंत्रावर चालवावीत, प्रत्येकाला एक थ्रेड (एका वेळी चालणारा कामाचा एकच धागा) आणि सारखीच हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी, उदाहरणार्थ १२८ एमबी द्यावी. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय, म्हणजे पाँडर, बंद ठेवावी. नाहीतर दोघे एकाच वेळी प्रोसेसर ओढतात. एकदम चालणारे डाव खऱ्या कोअरच्या संख्येपेक्षा एकाने कमी असावेत. हायपरथ्रेडिंगमुळे दिसणारे दुप्पट कोअर मोजण्यात बरेच जण फसतात. प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवावी. इंजिनाची फाइलही प्रोसेसरला साजेशी हवी: एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरांतली वेगवान गणिताची सोय) चालणाऱ्या यंत्रावर जुन्या प्रोसेसरची फाइल टाकली, तर वेग फुकट जातो आणि पडद्यावर कसलीही तक्रार येत नाही.

खरा घोळ उन्हाळ्यात होतो. मे महिन्यातली दुपार, विश्रामबागेतली पत्र्याची खोली, मांडीएवढ्या टेबलावर लॅपटॉप. स्टॉकफिशची वेग मोजणारी ‘बेंच’ चाचणी थंड यंत्रावर जो आकडा देते, तो पंधरा मिनिटांच्या खेळानंतर मिळत नाही. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की स्वतःच घड्याळगती उतरवतो. म्हणून यंत्र तापल्यावरच बेंच तीनदा घ्यावी. एकाच यंत्रावर ही मंदी दोघांना सारखीच बसते, निकाल सहसा एका बाजूला झुकत नाही. फक्त ठरवलेल्या वेळेपेक्षा झटपट डाव खेळल्यासारखे होते. दोन यंत्रांवर दोन इंजिने ठेवली, तर पंख्याखालचा लॅपटॉप जिंकतो.

लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि वेग पडतो, म्हणजे एकाच सामन्यात दोन वेगांचे डाव मिसळतात. चार्जर काढून बेंच घेतली की फरक कळतो. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर अर्धा डाव रद्द करून ती जोडी पुन्हा खेळवावी. अँटिव्हायरस मधेच जागा होऊन घड्याळ खातो. ऐन शेवटी वेळ संपून डाव जाऊ लागले तर प्रत्येक खेळीमागे राखून ठेवायचा वेळ १० मिलिसेकंदांवरून १०० करावा.

वेगाचाच परिणाम मोजायचा तर दुसरे यंत्र लागत नाही. एकच इंजिन स्वतःविरुद्ध खेळवावे: एकाला मिनिट अधिक खेळीला ०.६ सेकंद, दुसऱ्याला दोन मिनिटे अधिक १.२ सेकंद. मात्र शंभर डावांवर भरवसा ठेवू नये. निम्मे डाव बरोबरीत सुटले तर शंभर डावांतली चूक दोन्ही बाजूंना ४८ एलो गुणांच्या आसपास असते, त्यामुळे ५३–४७ हा निकाल काहीच सांगत नाही. हजार डावांत ती १५ वर येते. चार डाव एकदम चालवले तरी त्याला जवळपास एक दिवस जातो.