मायक्रोवेव्हची पार्श्वभूमी: रडारपासून भाकरी गरम करण्यापर्यंत

मायक्रोवेव्हमधून ताट काढलं की आमच्या सासूबाई ते दोन मिनिटं झाकून तसंच ओट्यावर ठेवायला लावतात. "आतली किरणं निघून जाऊ देत, मग वाढ." जुळे सोलापूरला राहायला आलो तेव्हा घेतला होता आम्ही मायक्रोवेव्ह, आणि हा नियम अगदी पहिल्या दिवसापासूनचा. मी आधी वाद घालायचे, मग एकदा म्हटलं आपणच नीट वाचून बघू, आणि वाचत गेले तसं लक्षात आलं की त्यांच्या भीतीला इतिहास आहे, आणि ती दोन मिनिटं थांबायची सवय तर चक्क बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच. मॅन्युअलमधले जे नियम आपण वाचतच नाही, रिकामा चालवू नका, जाळी जपा, प्लेट काढून चालवू नका, त्यातल्या जवळपास प्रत्येकामागे कधीतरी कुठेतरी घडलेलं काहीतरी आहे. ते माहीत झालं की नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून हे सगळं लिहितेय.

सूक्ष्मलहरींची, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम करणाऱ्या लहरींची गोष्ट आपल्याच देशातून सुरू करता येते. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती आणि बारूद पेटवून दाखवली होती. त्यांनी अगदी ५ मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केलं. आपल्या मायक्रोवेव्हमधली लहर साधारण १२ सेंटीमीटरची असते, म्हणजे बोस कितीतरी बारीक लहरींपर्यंत पोचले होते, तेही त्या काळात. पण जोर कमी होता. अन्न गरम करायचं तर ताकद लागते, आणि ती ताकद आणली युद्धानं.

फेब्रुवारी १९४० मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन, म्हणजे अशा लहरी जोरात तयार करणारं यंत्र, चालवून दाखवला. मॅग्नेट्रॉन हे नाव आधीपासून होतं, यांनी केलं ते असं की तांब्याच्या जाड ठोकळ्यात मधे एक भोक आणि त्याच्याभोवती गोल रांगेत आणखी भोकं पाडली, मधल्या भोकात तापणारा दांडा आणि बाहेरून जोरदार चुंबक. दांड्यातून निघालेले इलेक्ट्रॉन सरळ बाहेर पळायला बघतात, चुंबक त्यांना गोल फिरवतं, आणि ते त्या भोकांच्या तोंडावरून जाताना आत लहर घुमायला लागते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कसा आवाज घुमतो तसं. मुठीत मावेल एवढी वस्तू, पण सुमारे १० सेंटीमीटरच्या लहरी शेकडो वॅटच्या जोरानं बाहेर टाकत होती. लहर आखूड म्हणजे अँटेना छोटी, अँटेना छोटी म्हणजे रडार विमानात बसवता येतं. रात्रीची बॉम्बर विमानं आणि समुद्रावर वर आलेल्या पाणबुड्या शोधायला हेच लागत होतं. सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री टिझार्ड यांचं शिष्टमंडळ हा मॅग्नेट्रॉन एका काळ्या पेटीत घालून अमेरिकेला घेऊन गेलं, कारण बॉम्ब पडत असताना इंग्लंडला एकट्याला एवढं उत्पादन झेपणार नव्हतं.

आता येतो तो माणूस, ज्याच्यावर माझा जीव जडलाय. पर्सी स्पेन्सर. १८९४ चा जन्म, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या हाउलंड नावाच्या छोट्या गावचा. वडील तो तान्हा असतानाच गेले, काका-काकूंनी वाढवला, आणि बाराव्या वर्षी शाळा सोडून तो गिरणीत कामाला लागला. गिरणी कसली, तर दोऱ्याची रिळं बनवायची. हे मी आमच्या शेजारच्या काकूंना सांगितलं, त्या मूळच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या, लहानपणी शाळेतून आलं की मागाच्या कांड्या भरायला बसायच्या, त्या कितीतरी वेळ गप्पच बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलाच की ओ." सोलापुरात १८७७ ला जुनी गिरणी निघाली तेव्हापासून अशी किती पोरं शाळेऐवजी भोंग्याच्या वेळेवर वाढली असतील, म्हणून मला तो माणूस परका वाटत नाही. पुढे तो नौदलात रेडिओ शिकला, पुस्तकं घेऊन रात्री एकट्यानं अभ्यास करायचा, आणि मग रेथियॉन कंपनीत गेला.

रेथियॉनला मॅग्नेट्रॉन बनवायचं काम मिळालं तेव्हा अडचण अशी होती की तांब्याचा अख्खा ठोकळा कोरायला फार वेळ लागायचा, दिवसाला मोजके नग व्हायचे. स्पेन्सरनं सुचवलं की पातळ पत्रे ठशानं कापा, एकावर एक रचा आणि जोडून टाका. युद्ध संपेपर्यंत उत्पादन दिवसाला २,६०० वर गेलं. गिरणीत वाढलेल्या माणसाला असंच सुचणार असं मला वाटतं, तो वस्तूकडे ती किती वेळात बनते या नजरेनं बघत असणार.

मग १९४५ ची ती प्रसिद्ध गोष्ट. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली वडी वितळली. सगळीकडे चॉकलेट म्हणून सांगतात, पण त्याच्या घरचे सांगतात की ती शेंगदाण्याची वडी होती, खारींना घालायला तो खिशात ठेवायचा. सोलापूरच्या माणसाला हे सांगायलाच पाहिजे, आपल्याकडे शेंगदाण्याशिवाय काही सुरूच होत नाही. यानंतर त्यानं मक्याचे दाणे मागवले, ते फुटून लाह्या झाल्या, आणि मग एक अंडं ठेवलं, ते डोकावून बघणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर फुटलं. म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं ठेवू नका हा नियम मायक्रोवेव्ह ओव्हन जन्मायच्या आधीचा आहे! आतलं पाणी वाफ होतं, कवचातून बाहेर यायला वाट नाही, दाब वाढतो आणि फुटतं. अख्खा बटाटा किंवा वांगं ठेवताना काट्यानं टोचे मारायचे ते याचसाठी.

ऑक्टोबर १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, जानेवारी १९५० मध्ये पेटंट मिळालं. त्याआधीच १९४७ मध्ये पहिला ओव्हन बाजारात आला होता, नाव रडारेंज, म्हणजे रडारची आठवण नावातच होती. माणसाएवढा उंच, वजन सुमारे ३४० किलो, म्हणजे मार्केट यार्डातली ज्वारीची शंभर किलोची तीन पोती आणि वर चाळीस किलो, किंमत सुमारे ५,००० डॉलर, आणि मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला नळाचं पाणी जोडावं लागायचं. घरात कोण ठेवणार, हॉटेलं आणि जहाजांसाठी होता तो. उजनीचं पाणी किती दिवसांनी येतं याचा हिशोब ठेवणाऱ्या आपल्या गावात तर असला ओव्हन चाललाच नसता. १९५५ मध्ये टॅपन कंपनीनं घरासाठी काढला, १,२९५ डॉलरला, तोही महागच. खरा बदल झाला १९६७ मध्ये, अमाना कंपनीनं (ती तोपर्यंत रेथियॉननं घेतली होती) ओट्यावर मावेल असा ४९५ डॉलरचा रडारेंज आणला आणि तो घरच्या साध्या विजेवर चालायचा. पाण्याऐवजी आता पंख्यानं हवा मारून मॅग्नेट्रॉन थंड करतात. म्हणूनच मागे-वर-बाजूला मोकळी जागा सोडायची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, स्वयंपाकघर आधीच तापलेलं, त्यात मायक्रोवेव्ह भिंतीला चिकटवून वर टॉवेल आणि डबे रचून ठेवले की पंख्याला घ्यायला गार हवाच राहत नाही. आमच्याकडे वर्षभर असंच होतं, मे महिन्यात मधेच बंद पडायचा आणि गार झाला की परत चालू व्हायचा, बाहेर ओढून ठेवल्यावर थांबलं.

त्या फिरत्या काचेच्या प्लेटचं मला फार कौतुक आहे. डब्यात लहरी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात, काही ठिकाणी जोर वाढतो, काही ठिकाणी जवळजवळ शून्य, आणि या जागा साधारण ६ सेंटीमीटरच्या हिशोबानं येतात कारण लहर १२ ची. म्हणून भाताचा एक घास पोळतो आणि शेजारचा गार लागतो. १९६६ मध्ये जपानच्या शार्प कंपनीनं फिरती प्लेट आणली, लहर हलत नसेल तर अन्न हलवा, एवढा साधा विचार. त्यामुळे प्लेटखालची चाकांची रिंग आठवड्यातून एकदा काढून धुवा, तिच्यात तेलाचा चिकटा साचला की प्लेट अडखळते. आणि पदार्थ प्लेटच्या मधोमध न ठेवता कडेला ठेवा, मधला भाग फिरतो पण जागा बदलत नाही.

आता सासूबाईंची दोन मिनिटं. लहरी अन्नात काही सेंटीमीटरच आत जातात, तिथल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात, आणि बाकीचा भाग त्या उष्णतेनं हळूहळू तापतो. बाहेर काढल्यावर झाकून ठेवलं की गरम भागातून गार भागाकडे उष्णता पसरते, म्हणून थांबायचं. किरणं मात्र आत राहत नाहीत, बटण बंद झालं की लहरी त्याच क्षणी संपतात, दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसं.

पण रेडिएशनची भीती आली कुठून? एक तर शब्दच तो, हिरोशिमानंतरच्या पिढीला रेडिएशन म्हटलं की दुसरं काही आठवतच नव्हतं, आणि हा ओव्हन त्याच काळात आला. मायक्रोवेव्हच्या लहरी रेडिओच्या जातीच्या, अणू फोडायची ताकद त्यांच्यात नाही, अन्न किरणोत्सारी होत नाही. दुसरं म्हणजे सुरुवातीच्या काही ओव्हनच्या दारातून खरोखरच गळती व्हायची, भीती अगदीच हवेतली नव्हती. अमेरिकेत १९६८ मध्ये कायदा झाला आणि १९७१ पासून मर्यादा लागू झाली: नव्या ओव्हनपासून ५ सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिवॅट, आणि ओव्हन कितीही जुना झाला तरी ५ मिलिवॅटच्या आत. दार उघडलं की लहरी बंद करणारे निदान दोन स्वतंत्र स्विच हवेत हेही ठरलं. दाराच्या काचेतली जाळी याच कामाची आहे, तिची भोकं एक-दोन मिलिमीटरची, १२ सेंटीमीटरची लहर त्यातून निसटत नाही, उजेड निसटतो म्हणून आत दिसतं. त्यामुळे दार आपटू नका, दारावर जड काही टांगू नका, कडा ओल्या फडक्यानं पुसून घ्या, आणि दार वाकडं झालं किंवा जाळी फाटली तर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. यात हयगय नको.

भारतात १९९१ नंतर बाजार खुला झाला, १९९५ ला सॅमसंग आली, १९९७ ला एलजी, आणि हळूहळू मायक्रोवेव्ह नवी पेठेतल्या दुकानांच्या काचेत दिसायला लागला. त्याआधी कुणाचा तरी भाऊ आखातातून घेऊन यायचा, तेवढंच. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत तर कितीतरी घरांत तो कापड घालून नुसता बसलेला असायचा. आणि आपलं स्वयंपाकघर सगळं स्टीलचं. धातूवरून लहरी परततात, टोकदार कडांवर ठिणग्या उडतात, म्हणून स्टीलचा डबा नाही, जरीकाठाची कपबशी नाही. मेलामाइनची प्लेटही नको, ती धातूची नसली तरी स्वतःच तापते. काच किंवा चिनी माती घ्या.

रिकामा का चालवायचा नाही, तर रडारमधला मॅग्नेट्रॉन लहरी मोकळ्या आभाळात सोडायचा, इथे तो बंद पेटीत सोडतो. अन्न नसेल तर लहरी घेणारं कुणी नाही, त्या परत मॅग्नेट्रॉनकडे येतात आणि तो तापून खराब होतो. कडक भाकरीचंही जवळपास तसंच आहे, तिच्यात पाणीच नाही, नुसती ठेवली तर गरम व्हायच्या ऐवजी मधेच जळते. साध्या भाकरीवर पाण्याचा हबका मारा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, तीस सेकंद, बास. शेंगदाणे मात्र छान भाजतात, एकेक मिनिटानं हलवत राहायचं, काढताना कच्चे वाटले तरी गार झाल्यावर कुरकुरीत होतात. चटणी कुटायची ती उखळातच, त्यात मी काही बोलणार नाही.

आतल्या भिंतीवर उजवीकडे पुठ्ठ्यासारखा दिसणारा तुकडा असतो, त्याला मायका शीट म्हणतात, म्हणजे अभ्रकच. लहरी तिथूनच आत येतात. त्यावर तेल उडून जळलं की ठिणग्या उडायला लागतात आणि लोक घाबरून मशीनच टाकून देतात. आमच्याकडे असं झालं तेव्हा एका मेकॅनिकनं न उघडता मॅग्नेट्रॉन गेलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं नवी मायका शीट कापून बसवली आणि तो अजून चालतोय. जुनी पुठ्ठा समजून फेकू नका, आणि तिच्याशिवाय चालवूही नका. साफसफाईला काचेच्या वाडग्यात पाणी आणि लिंबाची फोड, त्यात लाकडी चमचा, तीन मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग पुसा. चमचा विसरू नका, गुळगुळीत भांड्यात पाणी उकळी न येताच शंभर अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि हलवलं की एकदम अंगावर उसळतं.

मागचं झाकण मात्र घरी कधीही उघडू नका. मॅग्नेट्रॉनला सुमारे ४,००० व्होल्ट लागतात, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही ती वीज धरून ठेवतो, त्यानं माणूस दगावू शकतो. प्लग अर्थिंग असलेल्या १६ अँपियरच्या सॉकेटमध्येच लावा. आणि पॉवर निम्मी केल्यावर घूं-घूं आवाज येतो-जातो तो बिघाड नाही, साध्या मॉडेलमधला मॅग्नेट्रॉन कमी जोरानं चालतच नाही, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, निम्मी पॉवर म्हणजे निम्मा वेळ. ते मधले थांबे उष्णता पसरायलाच असतात. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग मशीनपण थांबतंय की मधे." आणि ताटावरचं झाकण तसंच ठेवून घड्याळाकडे बघत बसल्या.